द्वारपालाचे पाणी आणि यंत्राची हळद

सौदी अरेबियातल्या हाइल शहरातल्या आमच्या लेडीज हॉस्टेलात एका गळतीसाठी प्लंबर तीन वेळा येऊन गेला. तक्रारअर्ज मीच लिहिला होता आणि माझ्या सवयीप्रमाणे निरीक्षणांसह लिहिला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रोज सकाळी पाण्याचे ओले वर्तुळ आढळते, व्यास साधारण चार बोटे, नऊपर्यंत वाळते, शुक्रवारच्या सुट्टीलाही खंड नाही. प्लंबर पेशावरकडचा, सज्जन माणूस. पहिल्या खेपेस त्याने नळाचा वॉशर बदलला, दुसऱ्या खेपेस सिंकखालचा पाइप. तिसऱ्या खेपेस त्याने आधी उंबऱ्याकडे, मग छताकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "मॅडम, यहाँ पानी आने का कोई रास्ता ही नहीं है."

माझी रूममेट त्या वेळी टेबलाशी बसून ब्रेडला लोणी लावत होती. तो जिना उतरून गेल्यावर तिने सुरी खाली ठेवली.

"बिचाऱ्याला आता सोड. ते पाणी मी ओतते."

"तीन आठवडे?"

"चार. पहिल्या आठवड्यात तुझ्या लक्षात आले नव्हते, प्रोफेसर."

प्रोफेसर ही पदवी मला तिने दिली होती, विद्यापीठाने नव्हे. मी त्या शहरातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. सूक्ष्मजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, वय सत्तावीस आणि जगातल्या कोणत्याही गोष्टीचा तक्ता करता येतो असा ठाम विश्वास, एवढी सामग्री घेऊन मी कोल्हापूरहून आले होते. ती डायलिसिस विभागात नर्स होती. वाढलेली मॉन्ट्रियलची, आईवडील हैतीचे. पासपोर्टवर कॅथलिक. आणि सकाळी कॉफी ठेवण्यापूर्वी ती उंबऱ्यावर पाण्याचे तीन थेंब सोडत असे. तीन थेंबांचे चार बोटांचे वर्तुळ कसे होते, हा प्रश्न मी लगेच विचारला. तिने उत्तर दिले की तिचे थेंब तिच्या आजीच्या मापाचे आहेत आणि आजी उदार होती.

मग तिने तो शब्द उच्चारला. वूडू.

मला तत्काळ काय आठवले असेल ते सांगायला नको. कापडाची बाहुली, टाचण्या, कवटी, हिरवा उजेड. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "बाहुली शोधू नकोस. माझ्याकडे सुईदोरासुद्धा नाही. परवा बटण तुझ्याकडून लावून घेतले ते विसरलीस का?"

हे खरे होते.

त्यानंतरच्या आठवड्यांत, दोघींची सुट्टी जुळेल त्या दुपारी, मी वही घेऊन बसे आणि ती भात शिजवता शिजवता सांगे. मुळात हा पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीच्या आणि आसपासच्या लोकांचा धर्म. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ दैवत, अदृश्य शक्ती एवढाच. त्या लोकांना गुलाम करून जहाजांतून कॅरिबियन समुद्रातल्या उसाच्या मळ्यांवर नेले. निरनिराळ्या टोळ्यांचे लोक, एकमेकांच्या भाषा न येणारे, एकाच चाळीसारख्या खोपटांत कोंबलेले. सोबत काहीच आणता आले नव्हते, त्यामुळे जे डोक्यात होते तेवढेच आले. मालकांनी सगळ्यांचा बाप्तिस्मा उरकून घेतला आणि भिंतीवर संतांच्या तसबिरी लावून दिल्या.

"मग?"

"मग काय, तसबिरी चांगल्या होत्या. आमच्या लोकांनी त्यांच्यात आपापली दैवते ओळखून काढली. मालक खूश, दैवते खूश."

वर एकच ईश्वर. पण तो फार दूर, फार थोर आणि कामात असलेला. दैनंदिन व्यवहार पाहतात ती दैवते. त्यांना ल्वा म्हणतात. प्रत्येकाचा वार वेगळा, रंग वेगळा, खाण्यापिण्याच्या आवडी वेगळ्या. सर्वांत आधी मान लेग्बाचा. काठी टेकत येणारा म्हातारा द्वारपाल. त्याने दार उघडल्याखेरीज पलीकडचे कोणी येऊ शकत नाही, म्हणून कशाच्याही आरंभी त्याला पाणी. मी वहीत लिहिले: गणपती, कंसात काठी. समारंभाच्या वेळी जमिनीवर मक्याचे पीठ चिमटीतून सोडत दैवताची आकृती काढतात. मी लिहिले: रांगोळी. भर समारंभात दैवत एखाद्यावर स्वार होते. ज्याच्यावर होते त्याला घोडा म्हणतात. हे लिहायचीही गरज नव्हती. आमच्या गल्लीत दर पौर्णिमेला एका काकूंच्या अंगात येत असे आणि उतरल्यावर त्या चहात साखर कमी पडल्याची तक्रार करत.

"तुझा तक्ता झाला का पुरा?" ती विचारी.

"एक स्तंभ रिकामा आहे. परिणामकारकता."

"आजी ऐंशी वर्षे जगली."

"नमुनासंख्या एक."

"आजी एकच होती, प्रोफेसर. मी दुसरी आणू कुठून?"

एकदा तिने फोनवर आजीच्या देवघराचा फोटो दाखवला. मॉन्ट्रियलच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या वरच्या फळीवर पांढरे कापड, मेणबत्ती, पाण्याचा पेला, पूर्वजांसाठी बिनसाखरेची कॉफी आणि मधोमध घोड्यावर बसून तलवार उगारलेल्या एका संताची तसबीर. मी नकळत म्हणाले, "हा आमचा जोतिबा."

"हा ओगू. लोखंडाचा मालक. लोहार त्याचे, सैनिक त्याचे. हल्ली ड्रायव्हर आणि सर्जनही त्याचेच, असे आजी म्हणायची. ज्याचे पोट लोखंडावर चालते तो ओगूचा."

माझ्या वडिलांचे पोट लोखंडावर चालत होते. उद्यमनगरात त्यांचे तीन लेथ मशीनचे वर्कशॉप होते. पण हे मी तिला त्या वेळी सांगितले नाही. निरीक्षकाने स्वतःला निरीक्षणात मिसळू नये, असा माझा नियम होता.

आता माझ्या महत्त्वाकांक्षेबद्दल. ती सौदीकरणाची वर्षे होती. दर काही महिन्यांनी मंत्रालयाकडून नवी यादी येई आणि त्यातली पदे सौदी नागरिकांसाठी राखली जात. आमच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञांची पदे त्या वर्षीच्या यादीत होती. नियमाशी माझे भांडण नव्हते. आपल्या देशातले काम आपल्या मुलींना मिळावे, यात गैर ते काय. अडचण एवढीच की त्यातले एक काम माझे होते. सुटकेचा मार्ग एक होता. गुणवत्ता समन्वयक हे पद यादीबाहेर होते आणि रिकामे होते. मी ते हंगामी स्वरूपात सांभाळत होते. महिनाअखेरीस नेमणूक होणार होती. कायम झाले तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आणखी दोन वर्षे. नाही झाले तर खलास, आणि कोल्हापूरचे तिकीट.

स्पर्धक एकच. रियाधहून नुकतीच पदवी घेऊन आलेली हाइलचीच एक मुलगी, जिला शिकवण्याचे काम माझ्याकडेच होते. ती हुशार होती, हे मला गैरसोयीचे होते. ती मला 'मिस' म्हणे, प्रत्येक सूचना दोनदा वाचे आणि यंत्राचे बटण दाबण्यापूर्वी न चुकता पुटपुटे, "बिस्मिल्ला."

ऑक्टोबरात रक्तपेशी मोजणारे नवे स्वयंचलित यंत्र आले. त्याची निवड, मांडणी, चाचण्या सारे मीच केले होते आणि नेमणुकीचा कौल बराचसा त्याच्यावरच ठरणार होता. ज्या दिवशी ते रुग्णांच्या नमुन्यांसाठी सुरू व्हायचे, त्याच्या आदल्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

"उद्या खंडेनवमी. नवीन मशीन आलंय न्हवं तुझं?"

"बाबा, ते रक्त तपासायचे यंत्र आहे. लेथ नाही."

"मग तर लईच. लेथ चुकला तर लोखंड वाया जातं. तुझं चुकलं तर?"

या युक्तिवादात मला दोष सापडला नाही. खंडेनवमीला वर्कशॉपमधली सगळी यंत्रे पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून दिवसभर बंद ठेवायची, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. त्या दिवशी वडील लेथवर हात ठेवून काही क्षण उभे राहत. त्यात काही मागणे नसे. वर्षभर बोट शाबूत राहिल्याची पोच असे.

झेंडू हाइलमध्ये मला मिळाला नसता, कुंकू मी आणले नव्हते. हळद मात्र स्वयंपाकघरात होती. सकाळी सहाला, प्रयोगशाळेत कोणी नसताना, मी कागदाच्या पुडीतली चिमूटभर हळद पाण्यात कालवली आणि यंत्राच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या पांढऱ्या आवरणावर, तर्जनीने एक टिळा लावला. नंतर हात ठेवून उभी राहिले. साधारण चार सेकंद. मग यंत्र सुरू केले आणि नियंत्रण-नमुन्यांचे आकडे अचूक आले. ते त्याशिवायही आलेच असते.

साडेआठला माझी शिष्या मला शोधत आली. तिचा आवाज खाली होता.

"मिस, यंत्राच्या मागे रक्त आहे."

मी जाऊन पाहिले. पांढऱ्या आवरणावर तांबडालाल ओघळ, वीतभर लांब, टोकाला सुकत आलेला. माझा पहिला विचार हाच की नळी फुटली. दुसराही तोच. टिळा मला आठवला नाही, हे नमूद केले पाहिजे. मी पिवळा टिळा लावला होता आणि समोर लाल ओघळ होता, म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी. असा विचार करणाऱ्या बाईकडे गुणवत्ता समन्वयकाचे पद हंगामी होते.

नियमानुसार यंत्र थांबवले. नमुने जुन्या यंत्रावर वळवले. प्रयोगशाळेचे प्रमुख आले. ते इजिप्तचे वयस्कर पॅथॉलॉजिस्ट. बोलणे मंद, स्मरणशक्ती भयंकर. त्यांनी ओघळ पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चौकशी समन्वयकाने करायची. समन्वयक कोण?"

"हंगामी मी, डॉक्टर."

"दुपारी दोनपर्यंत कारण लेखी द्या."

तासाभरात मी आतले सारे तपासून काढले. एकही नळी फुटलेली नव्हती. मग ओघळावर पेरॉक्साइडचा थेंब टाकला. रक्त असते तर फेसाळले असते. फेस आला नाही. मी शिष्येला सांगितले की हे रक्त नाही. मला वाटले, तिला हायसे वाटेल. तिचा चेहरा अधिकच उतरला.

"रक्त नाही, मग लाल काय आहे? आणि मागच्या बाजूला, लपवून?" तिने घुटमळून पुढचे सांगितले. डायलिसिसचे नमुने घेऊन माझी रूममेट रोज आमच्याकडे येते; सकाळी स्वागतकक्षात कोणीतरी तिच्या देशाबद्दल बोलत होते; त्या बेटावर कसली कसली कृत्ये चालतात म्हणून. "मी नाही म्हणत, मिस. पण ते म्हणत होते, सिहर."

सिहर म्हणजे जादूटोणा. या देशात तो गप्पांचा विषय नाही, गुन्हा आहे. आतापर्यंत मला हा सगळा प्रकार तांत्रिक वाटत होता. त्या शब्दानंतर तो तसा राहिला नाही.

मी पुन्हा यंत्रामागे गेले. वाकून पाहिले तर ओघळाच्या वरच्या टोकाला, पुसायचे फडके न पोहोचलेल्या खाचेत, एक पिवळा ठिपका शिल्लक होता. माझ्या तर्जनीच्या मापाचा. कापसाच्या बोळ्यावर सौम्य आम्ल घेऊन मी ओघळाचे टोक पुसले. लाल होते ते पिवळे झाले.

ज्या घरात पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडते आणि साबण लागताच डाग लाल होतो, त्या घरात मी वाढले. कुंकू हळदीपासूनच करतात, तिला अल्कली दिली की ती लाल होते, हे मी नववीच्या विज्ञान प्रदर्शनात मांडून उत्तेजनार्थ बक्षीस मिळवले होते. सफाईवाल्या बाईंनी सातला साबणाच्या पाण्याचे फडके फिरवले होते. कुंकू आणले नव्हते म्हणून मी फक्त हळद लावली आणि यंत्राने आपले कुंकू आपणच करून घेतले.

जेवणाच्या सुट्टीत मी रूममेटला कँटीनच्या कोपऱ्यात गाठून सर्व सांगितले. वडील, लेथ, खंडेनवमी, टिळा, साबण. स्वागतकक्षातली कुजबुजही सांगितली. मग तिने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे चार आठवडे तू माझा तक्ता करत होतीस आणि तुझे वडील ओगूचे?"

"तो मुद्दा नाही."

"तोच मुद्दा आहे. आणि ओगूचा रंग कोणता, सांगितले होते ना मी?"

"लाल."

"तू पिवळा दिलास. त्याने दुरुस्ती करून घेतली." ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "काय लिहिणार आहेस?"

दोन वाक्ये शक्य होती. पहिले: कारण अज्ञात, बहुधा सफाईद्रव्याचा डाग. हे अर्धे खरे होते, पद वाचवणारे होते आणि कुजबूज आहे तिथेच ठेवणारे होते. दुसरे, म्हणजे हळद मी लावली हे, लिहिले की पद गेले.

"तू पहिले लिहिलेस तर मी समजू शकते," ती म्हणाली. "खरेच. माझा इकामा, तुझा इकामा, दोन्ही कागदच. पण मग उद्यापासून उंबऱ्यावर पाणी तू ओतायचेस. मला इतकी वर्षे कोणाला घाबरावे लागले नाही, ते म्हाताऱ्यामुळे."

दोन वाजता मी प्रमुखांच्या टेबलावर तीन वाट्या ठेवल्या. एकीत हळदीचे पाणी, दुसरीत साबणाचे, तिसरीत व्हिनेगर. शिष्या शेजारी उभी होती; मी तिलाच करायला लावले. पिवळे, लाल, पुन्हा पिवळे. तिने "सुभानल्ला" म्हणून तो प्रयोग आणखी एकदा केला.

"आणि हळद यंत्रावर कशी आली?" प्रमुखांनी विचारले.

"मी लावली. सकाळी सहाला."

"का?"

उत्तर इंग्रजीत तयार करून ठेवले होते. सांस्कृतिक प्रथा वगैरे. तोंडातून निघाले ते निराळे. "यंत्र नवीन होते, डॉक्टर. माझे वडील यंत्रावर पोट भरतात. आज त्यांच्याकडे सगळ्या यंत्रांना लावतात."

शिष्या अगदी हळू म्हणाली, "मिस, हे सिहर तर नाही ना?"

"नाही. यात कोणाचे वाईट मागत नाहीत. चांगलेही मागत नाहीत, खरे तर. आभार मानतात."

प्रमुखांनी चष्मा काढला. "माझ्या भावाने कैरोत टॅक्सी घेतली तेव्हा आईने मेंढा कापायला लावला आणि रक्ताचा पंजा दारावर उमटवला. पांढरी टॅक्सी. त्या वेळी मी वैद्यकीय महाविद्यालयात होतो. मी आईला जंतुसंसर्गावर व्याख्यान दिले." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "टॅक्सी एकवीस वर्षे चालली. तुमचा अहवाल द्या."

अहवालात मी मूळ कारण या रकान्यात स्वतःचे नाव आणि कर्मचारी क्रमांक लिहिला. तो त्यांनी सर्व विभागांना पाठवला. स्वागतकक्षातली कुजबूज दुसऱ्या दिवशी माझ्यावर सरकली आणि तिचा दर्जा घसरला. आठवडाभर लोक मला गाठून आमटीची कृती विचारत होते. डायलिसिसच्या नमुन्यांकडे पुन्हा कोणी पाहिले नाही.

महिनाअखेरीस समन्वयकपद माझ्या शिष्येला मिळाले. प्रमुखांनी कारण सभ्यपणे सांगितले: अपघात आणि त्याची चौकशी एकाच हातात असू नये. विधान निर्दोष होते. मी स्वतः तेच शिकवत असे. नव्या समन्वयकाने पहिले काम म्हणून मला एक कलम लिहायला बसवले: "उपकरणांवर कोणतेही खाद्यपदार्थ, रंग अथवा वनस्पतिजन्य चूर्ण लावू नये." मसुदा माझा, सही तिची. तिने तो दोनदा वाचला आणि विचारले, "मिस, बिस्मिल्ला म्हणण्यावर कलम नाही ना?"

"त्याचा डाग पडत नाही," मी म्हणाले.

सफाईवाल्या बाई बांगलादेशच्या होत्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवले. "हल्दी था मॅडम, हमको तो सुबह ही मालूम था. किसी ने पूछा ही नहीं." माझ्या कारकिर्दीतल्या चौकशीवरचा तेवढाच जाणकार अभिप्राय.

वडिलांना मी फोनवर एवढेच सांगितले की पद गेले. ते म्हणाले, "आणि मशीन?" मी म्हणाले, उत्तम चालले आहे. "मग झालं तर," ते म्हणाले आणि मला घ्यायला पुण्याच्या विमानतळावर आले.

आता मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आहे. मध्यंतरी हाइलहून माझ्या रूममेटचा संदेश आला. माझ्या खोलीत नवी मुलगी आली आहे, केरळची, फार्मासिस्ट, अत्यंत शिस्तशीर. खाली फोटो होता: स्वयंपाकघरात आमचा पेशावरचा प्लंबर हातात पाना घेऊन उंबऱ्याकडे पाहत उभा.

"काय सांगू त्याला?" तिने विचारले होते.

मी उत्तर पाठवले, "पहिली खेप आहे. वॉशर बदलू दे."